मालीशवाली बाई (महाल, नागपूर)

बाळ-बाळंतिणीला घरी येऊन तेल लावणे, शेक देणे आणि न्हाऊ घालणे यांवर पोट भरणारी स्त्री. भोसल्यांच्या वाड्यांभोवती वाढलेल्या महालात प्रसूती आता दवाखान्यातच होते. त्यानंतरचा सव्वा महिना मात्र अनेक घरांत अजून हिच्याच हाती असतो.

मोबदला तोंडी ठरतो, रोजाने किंवा सव्वा महिन्याचा ठोक. बारशाला लुगडे किंवा साडी मिळते. ती मजुरीत धरायची की वर द्यायची, हे घरच्यांच्या मर्जीवर. खाडा झाला की रोज बुडतो. बाळंतीण मध्येच सासरी गेली, तर कामही गेले. शिवाय प्रत्येक घराला बाई सकाळीच हवी असते, विशेषतः नागपुरी उन्हाळ्यात. त्यामुळे मागणी कितीही असली तरी घरे मोजकीच होतात. जमिनीवर पाय पसरून बाळ पायांवर घ्यायचे, मग बाळंतिणीचे अंग रगडायचे. याचा भार कंबर, गुडघे आणि अंगठ्यांवर येतो.

दुकाने व आस्थापनांविषयीचा राज्याचा २०१७ चा अधिनियम स्पा-पार्लरना लागू होऊ शकतो, पण घरोघर फिरणारी बाई त्याच्या बाहेर राहते. असंघटित कामगारांची २०२१ पासूनची ई-श्रम नोंदणी तिला ओळख देते, दर ठरवून देत नाही. डॉ. रूपा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने नागपुरात उभ्या राहिलेल्या विदर्भ मोलकरीण संघटनेने घरकामगार स्त्रियांचे हक्क मांडले. पुढे राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ मध्ये केला.