कोलारच्या खाणीतील प्रकाशरेषा

बंगलोरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारची सुवर्णभूमी आहे. १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या इंग्रज कंपनीने तेथे खोदकामास आरंभ केला, आणि पुढची एकशेवीस वर्षे माणूस तेथे सोन्याच्या शिरेमागोमाग पृथ्वीच्या पोटात उतरत राहिला. चँपियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहूनही खोल गेली आणि जगातील सर्वांत खोल खाणींत तिची गणना होऊ लागली. तेथील खडक हाताला चटका बसावा इतका तप्त असे. वरच्या दाबाने तो कधी कधी स्फोटासारखा फुटे आणि त्यात माणसे जात. तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्या हजारो मजुरांनी, त्यांतही बहुसंख्य दलित कुटुंबांतील माणसांनी, हा खोल मार्ग आपल्या श्रमाने खणला. सोने वर गेले आणि पोकळी खाली राहिली. १९६५ साली जगाच्या विज्ञानाला जे हवे होते, ते मात्र सोने नव्हते. त्याला ती पोकळीच हवी होती.

ही गोष्ट समजण्यासाठी न्यूट्रिनो नावाच्या एका विलक्षण कणाची ओळख करून घेतली पाहिजे. किरणोत्सर्गी पदार्थांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना उर्जेचा हिशेब जुळेना, तेव्हा १९३० साली व्होल्फगांग पाउली या शास्त्रज्ञाने असे सुचविले, की इलेक्ट्रॉनाबरोबर आणखी एक कण निसटत असावा. त्याला विद्युत्भार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही, आणि इतर पदार्थाशी त्याचा संबंध इतका क्वचित येतो, की सबंध पृथ्वी आरपार भेदून तो बिनदिक्कत निघून जातो. सावकाराच्या वहीत बाकी जुळावी म्हणून मांडलेल्या रकमेसारखा हा कण पंचवीस वर्षे केवळ कागदावर होता. १९५६ साली अमेरिकेत फ्रेडरिक राईन्स आणि क्लाइड कोवन यांनी एका अणुभट्टीजवळ त्याचे अस्तित्व सिद्ध केले. १९६२ साली ब्रुकहेवन येथील वेगवर्धकाच्या साह्याने न्यूट्रिनोची दुसरी जातही सापडली. हे दोन्ही न्यूट्रिनो माणसाने निर्माण केलेल्या यंत्रांतून आलेले होते. निसर्गात आपोआप निर्माण होणारा न्यूट्रिनो अद्याप कोणी पाहिला नव्हता.

वस्तुतः असे न्यूट्रिनो आपल्यावर अहोरात्र वर्षत असतात. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणातील अणूंवर आदळतात. त्या आघातातून पायॉन निर्माण होतात. पायॉनांचा क्षय होऊन म्यूऑन आणि न्यूट्रिनो जन्मास येतात. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनाचा जड भाऊ होय. जमिनीच्या पृष्ठभागावर तळहाताएवढ्या जागेतून साधारणतः दर सेकंदाला एक म्यूऑन पार होतो. न्यूट्रिनोची संख्या याहून मोठी, पण त्याची खूण अतिशय दुर्मिळ. कधीकाळी एखादा न्यूट्रिनो खडकातील अणुकेंद्रावर आदळला, तर त्यातून एक म्यूऑन बाहेर पडतो, आणि त्या म्यूऑनाच्या मार्गावरून न्यूट्रिनोची वर्दी मिळते. परंतु वरून येणाऱ्या म्यूऑनांच्या वर्षावात हा एकटा म्यूऑन ओळखावा कसा? बाजाराच्या गलबल्यात कुजबुज ऐकण्यापैकीच हा प्रकार. त्यासाठी बाजार बंद झाला पाहिजे, म्हणजेच डोक्यावर कित्येक किलोमीटर खडक असला पाहिजे. १९६० च्या सुमारास रशियातील मार्कोव्ह आणि अमेरिकेतील ग्रायझेन यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. प्रश्न होता तो जागेचा.

कोलार आणि मुंबई यांचा संबंध त्यापूर्वीच जुळला होता. मार्च १९४४ मध्ये होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी साह्य मागितले, आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था अस्तित्वात आली. तिच्या पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक ऐंशी हजार रुपयांचे होते. त्यांपैकी ४५ हजार टाटा ट्रस्टने, २५ हजार मुंबई सरकारने आणि १० हजार भारत सरकारने दिले. पेडर रोडवरील एका बंगल्यात तिचा संसार थाटला गेला. १९५४ साली अणुशक्ती विभाग स्थापन झाल्यानंतर संस्थेच्या खर्चाचा मुख्य भार केंद्र सरकारकडे गेला. भाभांचा स्वतःचा विषय विश्वकिरण हाच होता. हे किरण विनामूल्य मिळतात, त्यासाठी कोट्यवधींचे वेगवर्धक उभारावे लागत नाहीत, हे ते जाणून होते. गरीब देशाच्या विज्ञानाला परवडेल अशी ही निसर्गाची प्रयोगशाळा होती. म्हणून १९५१ च्या सुमारास त्यांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला कोलारच्या खाणीत पाठविले. कोणत्या खोलीवर किती म्यूऑन पोहोचतात याची मोजणी तेथे सुरू झाली.

दहा वर्षांनी ओसाका सिटी विद्यापीठाचे मियाके हे जपानी शास्त्रज्ञ या कामात सहभागी झाले. त्यांनी नरसिंहम् आणि रमण मूर्ती यांच्यासह उपकरणे टप्प्याटप्प्याने खाली नेली. प्रत्येक टप्प्यावर म्यूऑनांची संख्या घटत गेली, आणि सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर दोन महिने वाट पाहूनही एकही म्यूऑन आला नाही. एरवी प्रयोगात काहीच न सापडणे म्हणजे श्रम वाया जाणे. येथे ते शून्य हेच मोठे फळ ठरले. बाजार बंद झाला होता. आता कुजबुज ऐकता येणार होती.

त्यातून तीन देशांचे सहकार्य आकारास आले. मुंबईच्या गटाचे नेतृत्व एम. जी. के. मेनन यांच्याकडे होते. ब्रिस्टल येथे पॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करून ते १९५५ साली मुंबईस आले होते. ओसाकाकडून मियाके आणि त्यांचे सहकारी आले. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठातून आर्नल्ड वुल्फेन्डेल यांचा गट आला. निऑन वायूने भरलेल्या काचेच्या नळ्यांचे तंत्र या गटाला चांगले अवगत होते.

या सहकार्याची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच काळात युरोपात सर्न ही संस्था उभी राहिली होती. १९५४ साली बारा राष्ट्रांनी सनद करून ती स्थापन केली, आणि प्रत्येक राष्ट्राने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी द्यावी असा नियम ठरविला. कोलारला अशी सनद नव्हती, सामाईक कोष नव्हता, भव्य इमारत नव्हती. तेथे विद्यापीठे आणि संस्था एकत्र आल्या, आणि ज्याच्यापाशी जे होते ते त्याने आणले. कोणी नळ्या आणल्या, कोणी अनुभव आणला, कोणी उपकरणे जोडली आणि रात्रंदिवस चालविली. भारताने जे दिले त्याची किंमत मात्र कोणत्याही जमाखर्चात मांडलेली नव्हती. दोन-तीन किलोमीटर खोल विवर, त्यात उतरणारे पाळणे, वीज, हवा खेळविण्याची आणि थंड करण्याची व्यवस्था, आणि तेथे काम करू जाणणारी माणसे, हे सारे सोन्याच्या हिशेबात आधीच फेडले गेले होते. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी आपल्याकडे घेतल्या होत्या, आणि १९६२ साली त्या केंद्र सरकारकडे आल्या. विज्ञानासाठी म्हणून असे विवर खणावयाचे ठरविले असते, तर तो खर्च त्या काळी कोणी मंजूर केला नसता.

चँपियन रीफ खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवरील बोगद्यात उपकरणे उभी राहिली. त्यांची रचना साधी, पण मार्मिक होती. इतक्या खोलीवर वरून जो तुरळक म्यूऑन पोहोचतो, तो जवळजवळ सरळ खाली येतो. कारण तिरक्या मार्गात खडकाची जाडी फार वाढते. आडवा येणारा म्यूऑन दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर खडक भेदून येणे शक्यच नाही. तेव्हा आडवा म्यूऑन दिसला, तर तो जवळच्याच खडकात न्यूट्रिनोच्या आघाताने जन्मलेला असला पाहिजे. म्हणून चमकणाऱ्या प्लास्टिकच्या दोन उभ्या भिंती समोरासमोर रचल्या, आणि त्यांच्यामध्ये शिशाचे थर व निऑनच्या नळ्यांच्या रांगा बसविल्या. एखादा कण दोन्ही भिंतींतून गेला, की विजेचा झटका मिळून त्याच्या वाटेवरील नळ्या क्षणभर उजळत, आणि कॅमेरा ती रेषा टिपून घेई. अंधाऱ्या बोगद्यात आठवडेच्या आठवडे काहीही घडत नसे. मग एखाद्या दिवशी चित्रफितीवर आडवी प्रकाशरेषा उमटलेली दिसे.

१९६५ च्या पूर्वार्धात अशा रेषा मिळाल्या. त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या, पण त्यांचा अर्थ निःसंदिग्ध होता. त्याच वेळी आणखी एक गट हाच शोध घेत होता. राईन्स यांनी अमेरिकेतील केस संस्थेचे आणि दक्षिण आफ्रिकेतील विट्वॉटर्सरँड विद्यापीठाचे संशोधक घेऊन जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर आपले उपकरण उभारले होते. त्यामागे अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे द्रव्यबळ होते. तेथील पहिली नोंद २३ फेब्रुवारी १९६५ ची. परंतु कोलारच्या गटाचा निबंध नियतकालिकाकडे १२ जुलैला पोहोचला आणि १५ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. राईन्स यांचा निबंध २६ जुलैला पोहोचून ३० ऑगस्टला प्रसिद्ध झाला. नोंद आधी आफ्रिकेत झाली आणि वार्ता आधी कोलारहून जगाला कळली. म्हणून या शोधाचे श्रेय दोन्ही गटांना एकत्र देणे हेच न्याय्य होय. कोलारच्या निबंधावर अकरा नावे आहेत: पाच मुंबईची, चार डरहॅमची आणि दोन ओसाकाची.

तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. निबंध प्रसिद्ध झाला त्याच सुमारास भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. पाऊस दगा देत होता, अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत होती, आणि परकीय चलनाची चणचण इतकी होती, की पुढच्याच वर्षी रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. अशा दिवसांत खाणीच्या तळाशी बसून चार-दोन प्रकाशरेषांची वाट पाहणे म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणे, असे कोणी म्हटले असते तर त्याला सर्वस्वी दोष देता आला नसता. भुकेल्या देशाने असा खर्च करावा काय, हा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर कोलारच्या व्यवहारातच सापडते. येथे डोंगर आधीच पोखरलेला होता. जे उसने आणावे लागले ते थोडे होते. जे आपल्यापाशी होते त्याचाच उपयोग अधिक झाला. भारतीय संशोधक परदेशच्या प्रयोगशाळेत उमेदवार म्हणून गेले नाहीत, तर परदेशचे संशोधक समान भागीदार म्हणून भारतात आले.

शोधाचा आनंद फार दिवस टिकला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभांचा अंत झाला. काम मात्र थांबले नाही. १९८० साली मुंबई आणि ओसाका यांच्या संशोधकांनी कोलारला सुमारे १४० टनांचे उपकरण उभारून प्रोटॉनाचा क्षय होतो काय याचा शोध आरंभिला. काही नोंदी क्षयासारख्या वाटल्या आणि तसे जाहीरही झाले. पण अमेरिका आणि जपान येथील अधिक मोठ्या उपकरणांनी त्याला दुजोरा दिला नाही. प्रोटॉन आजवर अढळच राहिला आहे. विज्ञानात असेही घडते, आणि ते लपविण्याचे कारण नाही.

दरम्यान सोने आटत चालले होते. उत्पादनाचा खर्च मालाच्या किंमतीहून अधिक होऊ लागला. १९९२ साली प्रयोग बंद पडले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणीही बंद झाल्या. पंप थांबले आणि बोगदे पाण्याने भरत गेले. ज्या मजुरांच्या पिढ्या तेथे खपल्या, त्यांच्या वस्त्या ओसाड होऊ लागल्या. सोन्याच्या जिवावर चाललेली प्रयोगशाळा सोन्याबरोबरच गेली.

कोलारमध्ये ज्या न्यूट्रिनोची पहिली चाहूल लागली, त्याची कहाणी पुढे दुसरीकडे लिहिली गेली. जपानने कामिओका येथील जस्ताच्या खाणीत प्रथम कामिओकांदे आणि नंतर पन्नास हजार टन पाण्याचे सुपर-कामिओकांदे उभारले. १९९८ साली तेथील संशोधकांनी दाखविले, की वातावरणात जन्मणारा न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतो, म्हणजेच त्याला वस्तुमान आहे. त्याबद्दल ताकाकी काजिता यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भारतात तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०१५ च्या आरंभी संमती दिली. तिचा अंदाजी खर्च सुमारे पंधराशे कोटी रुपये होता. परंतु स्थानिकांचा विरोध आणि पर्यावरणाचे प्रश्न यांमुळे ती अडून राहिली.

सोन्यासाठी जे विवर खणले गेले होते, ते आता केवळ ज्ञानासाठी खणावयाचे आहे. त्याचा खर्च उघडपणे मागावा लागतो, आणि ज्यांच्या डोंगरात ते खणावयाचे त्यांची संमतीही मागावी लागते. कोलारच्या काळी यांपैकी काहीच मागावे लागले नाही, कारण दुसऱ्यांनी त्याची किंमत आधीच मोजली होती. त्या अकरा नावांच्या निबंधामागे हजारो खाणमजुरांची नावे आहेत. ती कोठेही छापली गेली नाहीत. परंतु ज्या बोगद्यात ती प्रकाशरेषा उमटली, तो बोगदा त्यांच्याच हातांनी खणलेला होता.