काळी, पांढरी आणि घराचा पाया

मराठी कागदपत्रांत गांवच्या भूमीचे दोन भाग सांगितलेले आढळतात: काळी व पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. यवतमाळ जिल्ह्यांत वणी, दारव्हा, उमरखेड यांसारख्या जुन्या गांवांच्या मध्यभागीं ज्यांस मजल्यांचीं नवीं घरें उठवावयाचीं आहेत, त्यांनीं या दोन शब्दांचा अर्थ पुन्हा पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. वराहमिहिरानें (इ. स. चें ६ वें शतक) बृहत्संहितेच्या वास्तुविद्याध्यायांत भूमिपरीक्षा दिली आहे. जागेंत हातभर खड्डा खणून तो त्याच मातीनें भरावा; माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर अनिष्ट. यांत तथ्य आहे. घट्ट माती खणल्यावर मोकळी होऊन उरते, भुसभुशीत माती दडपून कमी पडते. अर्थात् ही परीक्षा घट्टपणाची झाली. परंतु आमची काळी माती उन्हाळ्यांत घट्ट, म्हणून या परीक्षेस सहज उतरेल. तीच पावसाळ्यांत फुगते, पुढें आकसून भेगाळते, आणि वरच्या भिंतींस चिरा पाडते. शास्त्रानें न सांगितलेला हा दोष गांवकऱ्यांस ठाऊक असावा. सुपीक जमीन राखण्याचा हेतु तर होताच. परंतु घर पांढरीवर घालण्यांत हेंही शहाणपण होतें, असें मला वाटतें.

मग पांढरी निर्धोक काय? तसेंही नाहीं. पुष्कळ ठिकाणीं पांढरी म्हणजे पडलेल्या भिंती, राख व खापरें यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा भराव होय. बाभुळगांव तालुक्यांतील पाचखेडच्या टेकाडाचें उत्खनन नागपूर विद्यापीठानें २०२३-२४ सालीं केलें, तेव्हां लोहयुगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक आढळले. असा भराव मातीचें घर पेलतो. तीन-चार मजल्यांच्या भाराखालीं तो कमीअधिक खचतो.

म्हणून पाया भराव ओलांडून मुरुमापर्यंत अथवा खडकापर्यंत न्यावा. जेथें काळी खोल आहे तेथें रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें रूढ केलेले, बुडाशीं कंदासारखे फुगीर खांब उपयोगी पडतात. ते ऋतुमानानें न हलणाऱ्या थरांत रुततात. त्यांवरील तुळई व माती यांत मोकळी जागा ठेवावी. सामाईक भिंतीच्या बुडाशीं सलग चर न खणतां थोडथोडा भाग खणून भरीत जावें. नाहींतर शेजारचा वाडा बसेल.

येथें इतिहासाच्या अभ्यासकाचा संबंध येतो. मुरुम गांठणारा पाया मधले सर्व थर फोडूनच जातो, आणि यंत्रानें काढलेली ती माती एका दिवसांत नाल्यांत पडते. बांधकाम अडवावें असें माझें म्हणणें नाहीं. लोकांस घरें हवींत. परंतु खड्डा उघडा असतांना थरांची खोली मोजणें, छायाचित्र घेणें व कोणतें खापर कोणत्या थरांत मिळालें हें वहींत टिपणें, यास अर्धा दिवस पुरतो. वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं पाया खणला जात असेल, तर त्यांनीं एवढें अवश्य करावें. काँक्रीट पडल्यावर तें कोणासही करतां येणार नाहीं.