मागे मागे वाढत गेलेली वंशावळ

२०२३च्या सप्टेंबरपासून नांदेड-लातूरकडच्या घराघरांत एक जुना शब्द नव्याने ऐकू यायला लागला: वंशावळ. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली आणि खासरा पत्रकं, नोंदवह्या, मोडीतली कागदपत्रं कपाटांतून बाहेर निघाली. नोंद सापडली की पुढचा प्रश्न ठरलेला: हा माणूस तुमचा कोण? बाप, आजा, पणजा इथपर्यंत बहुतेकांना सांगता येतं. मग चुलत्याला फोन, मग गावाकडच्या म्हाताऱ्याला. खापरपणजाच्या पलीकडे नावं धूसर होत जातात. माणसाच्या आठवणीची लांबी साधारण एवढीच.

याच भागाचं नाव सांगणाऱ्या एका राजघराण्याची वंशावळ मात्र उलटी वागते. ती जितकी नंतर लिहिलेली, तितकी जास्त मागे जाते. आधी सहा पिढ्या, मग थेट यदुवंश. घराणं राष्ट्रकूटांचं. वेरूळचं कैलास लेणं कोरवून घेणारं, कांचीपासून कनौजपर्यंत सैन्य नेणारं, आणि स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेणारं. लत्तलूर या उत्तम नगरीचा स्वामी. लत्तलूर म्हणजे लातूर.

'कैलास लेणं आपल्या लातूरच्या राजाने बांधलं' अशा अर्थाची रील तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेली असेल. अभिमान वाटायला हरकत नाही. पण त्या एका वाक्यात किती भाग दगडावर कोरलेला आहे आणि किती भाग नंतर चिकटवलेला, हे तपासता येतं.

सुरुवात कोरलेल्यापासूनच करू. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या, म्हणजे दशावतार लेण्यात एक शिलालेख आहे. त्यात दंतिदुर्गापर्यंतची पिढ्यांची ओळ येते: दंतिवर्मा, त्याचा मुलगा इंद्र, मग गोविंद, मग कर्क, मग पुन्हा इंद्र आणि शेवटी दंतिदुर्ग. सहा नावं. बदामीच्या चालुक्यांना हरवून आठव्या शतकाच्या मध्यावर सत्ता घेणारा तो हा दंतिदुर्ग. कोल्हापूरकडच्या सामानगडाला सापडलेला त्याच्या नावचा ताम्रपट शक ६७५चा, म्हणजे इ.स. ७५३-५४चा. त्यात ही ओळ गोविंदापासूनच सुरू होते. पहिली दोन नावं नाहीत.

पिढीला पंचवीस वर्षं धरली तर पहिला दंतिवर्मा इ.स. ६२५च्या आसपास येतो. तेव्हा बदामीला दुसरा पुलकेशी राज्य करत होता. दंतिवर्मा आणि त्याच्यानंतरचे दोघं-तिघं कुठे होते, काय करत होते? लेखांत त्यांच्या वाट्याला गुणवर्णनाचे श्लोक आहेत, गावाचं नाव नाही. त्यातला जरा जिवंत वाटणारा माणूस म्हणजे दंतिदुर्गाचा बाप इंद्र. संजाणच्या ताम्रपटात त्याच्याविषयी सांगितलंय की त्याने खेटक इथे लग्नमांडवातून चालुक्य राजकन्येला राक्षसविवाहाने नेलं. आपल्या भाषेत, पळवून नेलं. पण हे लिहिलं गेलं इ.स. ८७१मध्ये, घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, जेव्हा त्या पळवापळवीचं रूपांतर पराक्रमात झालेलं होतं.

ताम्रपट म्हणजे मुळात जमिनीचा कागद. सातबाऱ्याचा फार लांबचा आजा. राजा कुणाला गाव दान देतो, त्याच्या सीमा कोणत्या, साक्ष कुणाची, हे तांब्याच्या दोन-तीन पत्र्यांवर कोरायचं, पत्रे कडीत ओवायचे आणि कडीवर मुद्रा ठोकायची. वंशावळ त्याच्या सुरुवातीला येते, कारण देणाऱ्याचा हक्क आधी सिद्ध करायचा असतो. म्हणजे ही नावं इतिहास म्हणून लिहिलेली नाहीत, अधिकार म्हणून लिहिलेली आहेत. हे एकदा ध्यानात घेतलं की कोण गाळलं गेलं याकडेही लक्ष जायला लागतं.

गोविंद दुसरा हे त्याचं उदाहरण. कैलास लेण्याशी ज्याचं नाव जोडलंय त्या कृष्ण पहिल्याचा हा थोरला मुलगा, राजाही झाला. धाकट्या भावाने, ध्रुवाने, त्याला हटवून गादी घेतली. पुढचे सगळे सम्राट ध्रुवाच्या वंशातले. त्यांच्या काही ताम्रपटांत कृष्णानंतर थेट ध्रुव येतो. गोविंद नाहीच. भाऊबंदकीत हरलेल्याचं नाव वंशावळीतून पुसलं जातं, ही गोष्ट मराठवाड्यातल्या कुठल्याही वाड्यावर कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. उलटही घडतं. कृष्ण दुसऱ्याचा मुलगा जगत्तुंग बापाच्या हयातीतच वारला, राजा झालाच नाही. तरी त्याचं नाव टिकलं, कारण गादीवर त्याचा मुलगा इंद्र तिसरा आला आणि त्याला बाप दाखवणं भाग होतं.

आता लातूर. दंतिदुर्गाच्या लेखात लत्तलूर नाही. कृष्णाच्या, ध्रुवाच्या काळातही ते आपली ओळख म्हणून येत नाही. ते ठळकपणे दिसतं इ.स. ८६६मध्ये, अमोघवर्ष पहिल्याच्या कर्नाटकातल्या शिरूर आणि नीलगुंदच्या शिलालेखांत. पहिल्या दंतिवर्म्यापासून मोजलं तर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. तेव्हा अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. सम्राट मळखेडला बसतो आणि बिरुद लातूरचं लावतो.

हे विचित्र वाटतं, पण त्या काळची रीतच तशी होती. ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोव्याचे कदंब वनवासीचे स्वामी म्हणवत. 'पुरवराधीश्वर' हे पद बहुतेकदा आत्ता कुठे राज्य आहे ते सांगत नाही, आम्ही मूळचे कुठले ते सांगतं. पुण्यात तीन पिढ्या काढलेला माणूस 'मूळचे आम्ही औशाचे' म्हणतो, तसं.

म्हणून या बिरुदातून एवढंच निघतं: नवव्या शतकात या घराण्याची आठवण अशी होती की आपण लत्तलूरहून आलो. आठवण खोटी असण्याचं कारण दिसत नाही. प्रतिष्ठेसाठीच खोटं मूळ सांगायचं तर अयोध्या, द्वारका अशी भारी नावं उपलब्ध होती. लातूरसारखं आडबाजूचं गाव कुणी उगाच कशाला निवडेल? माझ्या मते या साध्या युक्तिवादात जितका जोर आहे तितका नुसत्या नावांच्या साम्यात नाही. कारण साम्यावर गेलं की फ्लीटसारखा मोठा अभ्यासकही आधी छत्तीसगडातल्या रतनपूरपर्यंत पोचला होता. नंतर त्यानेच निजामाच्या राज्यातलं लातूर मान्य केलं. १९३४मध्ये आलेल्या राष्ट्रकूटांवरच्या ग्रंथात अनंत सदाशिव आळतेकरांनीही लातूरच धरलं, आणि अभ्यासात ते रुळलं.

लातूर सोडून हे लोक गेले कुठे, यावर आळतेकरांचा अंदाज होता: उत्तरेला, वऱ्हाडात. तिथे सातव्या शतकात एक राष्ट्रकूट घराणं खरंच नांदत होतं. दुर्गराज, गोविंदराज, स्वामिकराज आणि नन्नराज. या नन्नराजाची गोष्ट वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे. बैतूल जिल्ह्यात त्याचे दोन ताम्रपट सापडले. तिवरखेडचा शक ५५३चा, मुलताईचा शक ६३१चा. राजा एकच, पूर्वजांची नावं तीच, आणि मध्ये अंतर ७८ वर्षांचं. एवढं दीर्घ राज्य कोण करेल? एक कागद बनावट असणार. पुढे अकोला जिल्ह्यात सांगळूदला त्याच नन्नराजाचा शक ६१५चा तिसरा ताम्रपट मिळाला आणि पारडं मुलताईकडे झुकलं. तिवरखेडचा बाजूला पडला. तिवरखेडच्या तारखेवर उभ्या केलेल्या कालगणनेची मग फेरमांडणी आलीच.

वऱ्हाडातले राष्ट्रकूट आणि दंतिदुर्गाचे पूर्वज एकमेकांचे भाऊबंद होते का? गोविंद हे नाव दोन्हीकडे येतं, भूभाग जवळचा आहे, काळ जुळतो. पण इथे खरी मेख आहे ती आडनावातच. 'राष्ट्रकूट' हे मुळात कुळाचं नाव नव्हतं, हुद्दा होता. जुन्या ताम्रपटांत राजाची आज्ञा विषयपती, राष्ट्रकूट, ग्रामकूट अशा अधिकाऱ्यांना उद्देशून असते. गावचा प्रमुख तो ग्रामकूट, राष्ट्राचा म्हणजे काही गावांच्या मुलखाचा प्रमुख तो राष्ट्रकूट. आपल्याकडचे देशमुख आणि पाटील. हुद्दा वंशपरंपरेने घरात राहिला आणि त्याचं आडनाव झालं. लातूर जिल्ह्यातले सगळे देशमुख एका आजोबाची नातवंडं नाहीत, आणि सगळे पाटील तर नाहीतच. तसे दख्खनमधले सगळे राष्ट्रकूटही एका रक्ताचे असायचं कारण नाही. कुणी त्यांना राजपूत राठोडांशी जोडलं, कुणी तेलुगू रेड्डींशी. शब्दांची ओढाताण करून हे जमतंही. पण हुद्द्यावरून रक्त शोधायला गेलं की असंच होतं.

मग यदुवंश आला कुठून? हा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण तो घडताना दिसतो. गोविंद तिसऱ्याच्या, इ.स. ८०७-०८च्या सुमाराच्या वणी-दिंडोरी ताम्रपटात कवीने एक उपमा दिली आहे: श्रीकृष्णाच्या जन्माने यादवकुळ शत्रूंना अजिंक्य झालं, तसं या राजाच्या जन्माने राष्ट्रकूटकुळ झालं. नुसती उपमा. 'सचिन आमचा देव' म्हणतो तितकीच. पुढे संजाणच्या ताम्रपटात हे घराणंच यदुवंशातलं होऊन जातं. इ.स. ९१५मध्ये इंद्र तिसऱ्याने राज्याभिषेकाच्या निमित्ताने दिलेले नवसारीचे ताम्रपट रचायला त्रिविक्रमभट्ट होता, 'नलचंपू'चा कवी. तिथे सात्यकीची शाखा येते. आणि कृष्ण तिसऱ्याच्या काळात, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या आणि कऱ्हाडच्या ताम्रपटांत, रट्ट नावाचा मूळपुरुष आणि राष्ट्रकूट नावाचा त्याचा मुलगाही हजर होतो. घराण्याच्या नावावरून पूर्वज तयार केला गेला. उपमेपासून मूळपुरुषापर्यंतचा हा प्रवास साधारण दीडशे वर्षांचा.

हे काही आपल्याकडचंच नाही. कऱ्हाडचा ताम्रपट इ.स. ९५९चा. त्याच सुमाराला तिकडे वेल्समध्ये हॉवेल या राजाचा मुलगा ओवेन याची वंशावळ लिहिली गेली. ती मागे जात जात येशूची आई मरिया हिच्या ॲना नावाच्या नातलगापर्यंत पोचते. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं. पण नव्या सत्तेला जुनं रक्त लागतं, आणि लिहून देणारे सगळीकडे मिळतात.

लातूरचा धागा मात्र या पौराणिक नटण्यात तुटला नाही. आणि तो आपल्याला हवा तसा मराठीही नाही, हे सांगायलाच हवं. अमोघवर्षाच्या दरबारातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. म्हणजे त्या मापाने नांदेडच्या घाटाच्या अलीकडचं सगळं, लातूरसकट, त्यात आलं. कृष्ण तिसऱ्याची एक प्रशस्ती मध्य प्रदेशात मैहरजवळ जुरा इथे कन्नडमध्ये कोरलेली आहे. 'राष्ट्रकूट कानडी की मराठी' हे भांडण गेली शंभर वर्षं चालू आहे. पण तेव्हा आजची सीमारेषा नव्हती आणि उदगीर-देगलूरच्या बाजारात आजही ती नीट लागू पडत नाही.

नांदेड जिल्ह्यात त्यांची खूण शोधायची तर कंधारला जायचं. तिथल्या खंडित शिलालेखात कृष्ण तिसऱ्याचा काळ सापडतो, देवळांच्या आणि दानांच्या नोंदी सापडतात, आणि जगत्तुंगसमुद्र या तलावाचं नाव. तलाव अजून आहे, नावही जवळपास तेच. इथे मूळपुरुष नाही, सात्यकी नाही. पाणी, देऊळ, अन्नदान यांची यादी आहे. मला विचाराल तर घराणं समजून घ्यायला ही यादी त्या लांबलचक वंशावळीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

इ.स. ९७२मध्ये परमार सीयकाने मान्यखेट लुटलं. पुढच्याच वर्षी तैलपाने सत्ता घेतली. साम्राज्य संपलं, बिरुद संपलं नाही. बेळगावकडच्या सौंदत्तीचे रट्ट, चालुक्यांचे मांडलिक, स्वतःला त्याच राष्ट्रकूटांचे वंशज म्हणवत राहिले आणि 'लत्तनूरपुरवराधीश्वर' हे पद लावत राहिले. लत्तलूरचं लत्तनूर झालं होतं, ज्या गावावर त्यांची सत्ता नव्हती त्याचं नाव उच्चारात घसरलं होतं, तरी सोडलं नव्हतं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांनी त्यांचं राज्य घेईपर्यंत.

आणि खुद्द लातुरात? पापविनाशक मंदिरात बाराव्या शतकातला शिलालेख आहे, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या काळचा. तेव्हा गावाचं नाव लत्तलूरच होतं. ते बिरुद म्हणून मिरवणारे तिकडे सौंदत्तीला होते, आणि इथे गावावर राज्य चालुक्यांचं होतं.