कितीही वाजले तरी

मागच्या महिन्यात नातीचा जर्मनीहून निरोप आला. "आजी, मी रात्री दीडला उतरते. कुणीही घ्यायला यायचं नाही हं! मी मोबाईलवरून टॅक्सी बोलावीन नि येईन." तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या मुलाने, लगेच मान डोलावली. मी काही बोलले नाही. पण त्या 'दीड'ने माझी झोप उडाली ती उडालीच.

आमच्या घरात मध्यरात्रीच्या विमानाला एक जुना इतिहास आहे. घरातल्या थोरांना तो ठाऊक आहे, धाकट्यांना नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहासच शिकवला, त्यामुळे सनावळीतून वाट काढल्याशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही. कंटाळा आला तर मधला भाग गाळून वाचा. माझे विद्यार्थीही तेच करायचे!

पहिला प्रश्न : परदेशातली विमानं मुंबईत अशी अवेळीच का येतात? पूर्वी मला वाटायचं, आपल्याला उरलीसुरली वेळ देत असतील. नातीने मला हिशेब समजावून सांगितला. फ्रँकफर्टहून दुपारी एकला विमान निघालं, आठेक तास उडालं, की तिथल्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजतात. हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढे, म्हणजे इथे दीड. तेच विमान तासा-दोन तासांत परत फिरतं आणि पहाटे सहा-सातला तिकडे पोचतं. तिथून लोकांना पुढची विमानं मिळतात. शिवाय फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नेहमीची विमानवाहतूक बंद असते. लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून! त्यांची झोप शाबूत राहते आणि आपली रात्र जागी. आखाती देशांतली बरीच विमानंही अशीच रात्रीची.

सुरुवातीला असं नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून निघून अहमदाबादमार्गे मुंबईला आले ते जुहूच्या मैदानात उतरले, आणि तेही दिवसाउजेडी. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं. मार्ग दाखवणारं काही साधन नाही, रेडिओ नाही, मग रात्री उतरणार कसं? पावसाळ्यात तर जुहूच्या मैदानात पाणी साचायचं आणि ती सेवा पुण्याला हलवावी लागायची.

रात्रीचं उडणं अंगवळणी पडलं ते पुढे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या पुढेमागे नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परतायची. किती छान व्यवस्था! पण पत्रांचं एक बरं असतं. त्यांना अपरात्री घर गाठायचं नसतं. पोस्टमन सकाळी पोचवतो.

माणसांचं तसं नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी सांताक्रूझला धावपट्टी झाली आणि युद्धानंतर प्रवासी विमानं तिथे आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. आपली पहिली आंतरराष्ट्रीय सेवा ती. १९५८ मध्ये सांताक्रूझला नवी इमारत झाली. १९७१ मध्ये जंबो जेट आलं, तिकडे आखातात नोकऱ्या निघाल्या, गर्दी मावेना, आणि १९८१ मध्ये सहारला वेगळं आंतरराष्ट्रीय टर्मिनल उघडलं. सहार हे मूळ तिथल्या गावाचं नाव. १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं, तरी आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'सहार'च येतं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. विमानतळ साष्टीत आणि जुनी मुंबई बेटावर, मध्ये माहीमची खाडी. १८४५ पर्यंत तिथे पूल नव्हता. होडीने खाडी ओलांडायची, आणि पावसाळ्यात त्यात माणसं बुडायची. सरकार खर्च करेना, तेव्हा लेडी जमशेटजी जीजीभॉय, अवाबाई, यांनी पदरचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि माहीमचा कॉजवे झाला. टोल घ्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. (पुढे २००९ मध्ये जवळच सागरी सेतू झाला, त्याला मात्र टोल आहे. असो!) खाडी बुजली, पूल झाला, पण बेटाची वेस काही पुसली नाही. अजूनही रिक्षा वांद्र्याच्या आणि शीवच्या पलीकडे शहरात येत नाही. रात्री उतरलेल्या माणसाने गिरगावात जायचं तर टॅक्सी, नाहीतर पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट बघायची.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते.

१९८४ चा डिसेंबर. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, मस्कतला एका बांधकाम कंपनीत नोकरीला होते. गिरगावच्या चाळीत अण्णा अंथरुणाला खिळलेले. मी सासरहून येऊन त्यांच्याजवळ राहिले होते. दादांचं पत्र आलं होतं, "रजा मिळाली की ह्या आठवड्यात निघतो." कुठल्या दिवशी, कुठल्या विमानाने, ते लिहिता येण्यासारखं नव्हतं. चाळीत फोन नव्हता. खाली वाण्याच्या दुकानात होता, पण दुकान रात्री नवाला बंद. म्हणून अण्णा रोज रात्री विचारायचे, "आला का ग?" आणि मी म्हणायची, "उद्या येईल."

दादांना अचानक जागा मिळाली. विमान रात्री सव्वाला उतरलं. कस्टममधून बॅगा सोडवून बाहेर यायला अडीच झाले. बाहेर ही गर्दी! तेव्हाचं सहार ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. कठड्याला रेलून उभी असलेली माणसं, कोकणातून जीप भाड्याने करून आलेली अख्खी कुटुंबं, खांद्यावर झोपलेली पोरं, दोऱ्यांनी बांधलेली खोकी, ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर. ज्याचं माणूस आलं ते निघून जात होते. दादांना घ्यायला कुणी नव्हतं. येणार कसं, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

टॅक्सीवाल्याने दोनशे रुपये सांगितले. तेव्हा माझा महिन्याचा पगार हजाराच्या आत होता. पण दादा पैशासाठी थांबले असं मी म्हणणार नाही. अण्णांच्या औषधपाण्यासाठीच ते पैसे घेऊन आले होते. त्यांनी मला नंतर सांगितलं, ते असं : "म्हटलं, साडेतीनला जाऊन दार वाजवायचं, सगळी चाळ जागी करायची, आजारी माणसाची झोपमोड करायची. त्यापेक्षा दीड तास बसतो इथेच."

तसे ते बॅगेवर बसून राहिले. मग रिक्षाने अंधेरी स्टेशनला गेले आणि पहाटेची पहिली लोकल पकडली. पार्ले आलं तसा कारखान्यातल्या बिस्किटांचा तो ओळखीचा वास आला (२०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला), आणि अण्णांबरोबर चहा घेऊ असं त्यांच्या मनात आलं. चर्नी रोडला उतरून चालत घरी पोचले तेव्हा साडेपाच वाजत होते.

अण्णा चारला गेले होते.

झोपमोड व्हायचा प्रश्नच नव्हता हो. आम्ही सगळे जागेच होतो. तीन वाजता अण्णांनी शेवटचं विचारलं होतं, "आला का?" हे मी दादांना कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. दादा २०१९ मध्ये गेले, म्हणून लिहू शकते.

मस्कत ते मुंबई दीड हजार किलोमीटर. विमानाने ते तीन तासांच्या आत काटले. शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरना त्याहून जास्त वेळ लागला.

त्यानंतर शहराने काय कमी केलं? महामार्गावर उड्डाणपूल झाले. २००९ मध्ये सागरी सेतू झाला. २०१४ च्या फेब्रुवारीत नवं टर्मिनल आणि तिथपर्यंत थेट जाणारा उन्नत मार्ग सुरू झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रो पूर्ण झाली. तिचं एक स्टेशन विमानतळाच्या टर्मिनलजवळ आणि एक चक्क गिरगावात! म्हणजे दादांचाच रस्ता, फक्त जमिनीखालून. मला राहवेना. एके दिवशी दुपारी मुलाला घेऊन मी विमानतळाच्या स्टेशनावर गेले, घड्याळ बघून गाडीत बसले आणि गिरगावला उतरले. जेमतेम पाऊण तास. वर आले नि तिथेच कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले. मुलाला वाटलं, जिने चढून दम लागला.

मग त्याला विचारलं, "शेवटची गाडी किती वाजता रे?" तो म्हणाला, "साडेदहाच्या आसपास."

दादांचं विमान सव्वाला आलं होतं. नातीचं दीडला. म्हणजे आजही त्या वेळी ही गाडी भुयारात झोपलेलीच असणार. रात्री रूळ आणि तारांची कामं करावी लागतात, हे मला कळतं. कुणाला दोष देत नाही. पण इतिहासाची बाई म्हणून एक गोष्ट दिसते. या शहराने विमानतळाकडे जाणारे रस्ते वाढवले, तरी रेल्वे-मेट्रोची घड्याळं दिवसाच्या माणसांसाठीच लावली. रात्री उतरणाऱ्याला घरी नेलं ते प्रामुख्याने माणसांनीच. कठड्याशी उभ्या राहिलेल्या बापाने, जीपवाल्याने, काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्याने. (दोनशे रुपये मागणाऱ्या त्या टॅक्सीवाल्यावरही आता माझा राग नाही. निदान तो त्या वेळी तिथे हजर होता.)

आमच्या घरात मात्र १९८४ पासून एक नियम आहे. दादांनीच केला. आपलं माणूस कितीही वाजता उतरो, त्याने विमानतळावर थांबायचं नाही. सरळ घरी यायचं आणि दार वाजवायचं. पुतण्या, भाचे, सुना, जावई, सगळ्यांनी तो पाळला. का, ते कुणी विचारलं नाही. दादा सांगणारेही नव्हते.

नात आली त्या रात्री मी तिचं ऐकलं, विमानतळावर गेले नाही. मुलाने मोबाईल माझ्या हातात दिला. नकाशावर एक इवलीशी गाडी सरकत होती. विलेपार्ले, वांद्रे, माहीम... खाडी ओलांडली तेव्हा अवाबाईंची आठवण झाली. पावणेतीनला खाली गाडीचं दार वाजलं. वर येऊन ती म्हणाली, "आजी, तू जागीच? मी उगाच बेल मारून उठवलं सगळ्यांना."

मी म्हटलं, "उगाच नाही ग. अशीच मारत जा."