अनिश्चिततेतील निर्णय : चेतामंडले

अपुऱ्या माहितीवर पर्याय निवडणारी मेंदूतील पेशीजाळी. माकडांच्या पार्श्विका खंडातील काही चेतापेशींची सक्रियता पुरावा साचेल तशी वाढते आणि ठरावीक पातळीला पोचली की कृती घडते. मध्यमेंदूतील डोपामीन पेशी अपेक्षित व प्रत्यक्ष लाभातला फरक नोंदवतात (शुल्ट्झ व सहकारी, १९९७). निपाणीच्या (जि. बेळगाव) प्रसिद्ध बिडी-तंबाखूतील निकोटीन याच पेशींवरील ॲसिटिलकोलीन-ग्राहींना चेतवते. या ग्राहींचा बीटा-२ घटक नसलेल्या उंदरांना बेभरवशाच्या बक्षिसाची ओढ वाटत नाही. मध्यमेंदूत तो घटक परत आणला की ती परतते, असे २०१६ मध्ये आढळले. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्यासोबत रस्त्यावर उतरलेल्या निपाणीच्या शेतकऱ्यांचा निर्णय मात्र एवढ्यावरून उलगडणार नाही.