सुट्टीत नगर पाहताना : एक दिवस, एक राजवट

१/ क्षेत्रफळाने अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. वायव्येला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, आग्नेयेला खर्डा. सारेच एका दिवसात पाहू गेल्यास दिवस रस्त्यातच सरतो. म्हणून दिवसागणिक एकच राजवट निवडावी.

२/ पहिला दिवस निजामशाहीचा. सकाळी भुईकोट किल्ला. मलिक अहमदने १४९४ मध्ये शहर वसवले. पुढे हुसेन निजामशहाने मातीच्या कोटाच्या जागी दगडी तट उभारला. १५९५-९६ च्या मोगली वेढ्यात चांदबिबीने हाच तट लढवला. तहात वऱ्हाड गेला, किल्ला मात्र राहिला. तोही १६०० मध्ये पडला.

३/ १९४२ ते १९४५ या काळात नेहरू येथेच स्थानबद्ध होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवेशाची चौकशी आदल्या दिवशीच करावी, मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे.

४/ दुपारी फराहबाग : १५८३ मध्ये पूर्ण झालेला, तलावाच्या मध्यभागी योजलेला महाल.

५/ ऊन कलल्यावर शहा डोंगर. लोक ज्याला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात, ती अष्टकोनी वास्तू वस्तुतः निजामशाही मंत्री सलाबतखानाची कबर आहे. अंधारापूर्वी खाली उतरावे.

६/ दुसरा दिवस जामखेड तालुक्यासाठी राखावा : अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी आणि १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला नमवले ते खर्डा. सह्याद्रीतील अकोले तालुक्यासाठी मात्र वेगळीच सुट्टी काढावी.