आठवणीतला चुना

हिंगोलीहून समुद्र फार लांब. तरी आज मी एका समुद्री गोगलगायीविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आमची दादी. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनला तीस वर्षे होत आली, तरी दाराची कडी वाजली की ती पाय आखडून घ्यायची. दारात बहुधा दूधवाला असे.

आधी थोडे लंडनला जाऊ. तिथे सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे काढलेले हृदय मिठाच्या पाण्यात धडधडते ठेवत होते. पुढे उमगले, की पाणी शुद्ध केलेले नव्हते, नळाचे होते. शुद्ध पाणी वापरले तर हृदय लवकरच मंदावे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते. बोअरच्या पाण्याने आपल्या भांड्यांवर पांढरा थर चढतो, त्यातलेच. १८८३ साली रिंगर यांनी आपली चूक स्वतः छापून दुरुस्त केली. (दवाखान्यातल्या ‘आरएल’ सलाईनमधला आर त्यांचाच.) शरीरातल्या हालचालींमागे कॅल्शियम आहे, हे तिथून कळू लागले.

आता ती गोगलगाय. एरिक कँडेल हा व्हिएन्नातला ज्यू मुलगा. नोव्हेंबर १९३८ मध्ये नवव्या वाढदिवसाला त्याला निळी खेळण्यातली मोटार मिळाली. दोनच दिवसांनी दारावर थापा पडल्या, घर सोडावे लागले. परत आले तेव्हा मोटारही गेलेली. १९३९ साली तो अमेरिकेत पोचला. पुढे डॉक्टर होऊन आठवण म्हणजे काय, याच्याच मागे लागला. त्यासाठी त्याने निवडली अ‍ॅप्लिसिया ही समुद्री गोगलगाय. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी. हिच्यात जेमतेम २०,०००, आणि त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या.

तिला हळूच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. वारंवार केला तर लक्ष देईनाशी होते. पण शेपटीला एकदा विजेचा झटका बसला, की मग हलक्या स्पर्शालाही जोराने आखडते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

स्पर्शाची वर्दी पेशीच्या टोकाला पोचली की कॅल्शियम आत शिरते, आणि पुढच्या पेशीला रसायनातून निरोप जातो. झटक्याने सिरोटोनिन सुटते. मग कॅल्शियम अधिक शिरते, निरोप मोठा होतो. कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनेही पेशीत असतात. त्यातले कॅल्मोड्युलिन १९७० च्या सुमारास सापडले. त्याला चार खाचा. त्यांत कॅल्शियम बसले की त्याचा आकार बदलतो आणि ते दुसऱ्या प्रथिनांना कामाला लावते. स्पर्शामागोमाग लगेच झटका आला, तर कॅल्मोड्युलिन आणि सिरोटोनिन या दोघांचा जोर एकाच विकरावर पडतो. या स्पर्शामागून झटका येतो, हे ती असे शिकते. झटके दिवसेंदिवस दिले तर पेशींना नवे जोड फुटतात आणि आखडणे आठवडे टिकते. कॅल्मोड्युलिन तिच्यात आणि आपल्यात जवळजवळ सारखेच.

कँडेल यांना २००० साली अर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासह नोबेल मिळाले. दादीची गोष्ट गोगलगायीइतकी सोपी नाही, हे मी जाणतो. शेवटी आम्ही ती कडीच काढून टाकली. दूधवाला अंगणातून हाक मारायचा.